बेंजोवाल्याच्या घरी नायलॉनच्या तारा

६ जानेवारी, सोमवार

ठरलं! घ्यायचीच. आणि नायलॉनच्या तारांचीच घ्यायची, दुसरी नाही.

आज गिटार शिकवणाऱ्या व्हिडिओतल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं — ह्या संगीताला लोखंडी तारा चालत नाहीत. मग मी वर्षभर काय करत होते? सुप्रियाची जुनी गिटार घेऊन बोटांची सालपटं काढत होते! लेकीने नववीत हट्ट करून घ्यायला लावली, चार महिने क्लासला गेली, आणि मग ती गिटार कपाटामागे मच्छरदाणीच्या काठ्यांबरोबर उभी राहिली. आता लेक पुण्याला नोकरीत आणि गिटार माझ्या मांडीवर. वय शेहेचाळीस. हसा कुणाला हसायचं ते.

हे सगळं पाप डॉ. रोहिणी मॅडमचं. कर्जत बाजारातल्या त्यांच्या दातांच्या दवाखान्यात मी नंबर लावते, हत्यारं उकळून ठेवते, घाबरलेल्यांचा हात धरते. आतल्या मशीनचा आवाज ऐकून बाहेरचे पेशंट पळू नयेत म्हणून मॅडम गाणी लावतात. आधी बासरी असायची. मागच्या वर्षी एक दिवस काहीतरी वेगळंच लागलं. गाणारा गातोय की शेजारी बसून कानात सांगतोय, कळेना. गिटारवर अंगठा आपला आरामात चाललाय, जेवणानंतर शतपावली घातल्यासारखा, आणि बाकीची बोटं भलत्याच ठिकाणी टिचकी मारून पसार! मी चिमटा हातात धरून उभीच. "मॅडम, हे काय आहे?" "बोसा नोव्हा. ब्राझीलचं." अक्कलदाढ काढायला आलेला माणूस खुर्चीत तोंड उघडं ठेवून झोपला होता.

आणि मी राहते कुठे? बेंजोवाल्याच्या घरात! आमचे हे — प्रवीणराव — एरवी टेंपो चालवतात, पण लग्नसराईत भिसेगावपासून खालापूरपर्यंत कुणाचीही हळद असो, बेंजो ह्यांचाच लागतो. टायपरायटरसारखी बटणं, खाली पोलादी तारा आणि समोर माणसाच्या उंचीचे स्पीकर. ह्यांनी सुरू केलं की म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर खोचून उठतात. मला अभिमान आहे, नाही असं नाही.

पण २ मार्चला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी ह्यांना समोर बसवून एक चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून दाखवायची. पंचवीस वर्षं मी ह्यांचं ऐकलं. एकदा ह्यांनी माझं ऐकावं. एवढंच हवंय मला.

९ जानेवारी, गुरुवार

ह्यांना सांगितलं. सध्या पौष, हळदीच्या ऑर्डरी नाहीत, त्यामुळे संध्याकाळी टीव्हीसमोर सापडतात. आवाज एवढा की बातम्या अख्ख्या आळीला ऐकू जाव्यात.

"अहो, गिटार घ्यायचीय मला." काही नाही. "अहो!" तरी नाही. रिमोट हिसकावला तेव्हा कुठे मान वळली.

"गिटार? हाय ना घरात एक."

"ती लोखंडी तारांची. मला नायलॉनची हवी."

"नायलॉन? गळाला लावतात ती? मासं धरनार काय गं?" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. मी रागाने भाजी परतायला गेले. मागून ओरडले, "घे गं, घे! पन घेताना मला ने. लाकूड मी बगनार."

घे म्हणाले! माझ्या हातून भाजीत मीठ दोनदा पडलं.

१२ जानेवारी, रविवार

शेलूला जाऊन आले. एकटीच गेले, कुणाला न सांगता. बरं झालं, नाहीतर वर्षभर चिडवलं असतं.

मोबाईलवर जाहिरात बघितली होती — गिटार, नायलॉन, कमी वापरलेली. स्टेशनपलीकडच्या त्या नव्या टॉवरांपैकी एकात, अकराव्या मजल्यावर. लिफ्ट बंद! धापा टाकत पोचले. नुकतंच लग्न झालेलं जोडपं, घरात अजून खोकी न उघडलेली. मुलाने मोठ्या कौतुकाने गिटार बाहेर काढली आणि बघते तर काय, चकचकीत लोखंडी तारा.

"अरे, तुम्ही नायलॉन लिहिलंय ना?"

"हो मावशी, बॅग नायलॉनची आहे. पावसात पण भिजत नाही."

त्याच्या बायकोने चहा केला, फरसाण दिलं. बिचारी म्हणत होती, घ्याच, ह्यांना वाजवायला येत नाही आणि ठेवायला जागा नाही. मी अकरा मजले एकटीच हसत उतरले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मॅडमना तिळगूळ दिला — दातांच्या डॉक्टरला कडक वडी! "सगळ्या गावाला असाच वाट, छाया, दवाखाना चालेल," म्हणाल्या. गिटारचा पत्ता नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

पत्ता लागला!! आणि कुठे, तर दवाखान्यातच!

इंदूबाई म्हणून एक पेशंट आल्या होत्या, माथेरानला हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतात. गाल सुजलेला. बाकावर बसल्या बसल्या गाणं ऐकून म्हणाल्या, "अशीच वाजवायचा आमच्या हाटेलात एक बाबा. रोज सांजच्याला. पावण्यांना लय आवडायचं." मी फाईल टाकून त्यांच्याशेजारी जाऊन बसले. बाबा कुठे आहे? तो गेला गोव्याला लेकीकडे, म्हातारा झाला. आणि गिटार? "ती हाय ना पडलेली, कोठीत. हाटेलचीच होती. मॅनेजर म्हनतो कुनी घेतली तर द्यायचीय."

"तारा कसल्या आहेत हो?"

"आता ते काय म्या बगितलं? पन पांढऱ्या हायत. माश्याच्या गळासारख्या."

मी त्यांना मिठीच मारणार होते, पण गाल सुजलेला. मॅनेजरचा नंबर घेतला. रविवारी जायचं!

१९ जानेवारी, रविवार

घरी आहे. माझ्या घरी आहे! समोर कॉटवर पेटीत झोपलीय. अक्षर बघा कसं येतंय.

नीट लिहिते. सकाळी हे आणि मी नेरळहून टॅक्सीने वर गेलो. दस्तुरीपुढे गाडी जात नाही, मग रुळांच्या कडेने लाल मातीतून पायी. हे पुढे, मी मागे, साडीला गुडघ्यापर्यंत माती. एरवी माथेरान म्हटलं की मला घोड्यांच्या लिदीचा वास आधी आठवतो, आज काहीच जाणवलं नाही. इतकी शांतता तिथे, गाडी नाही, हॉर्न नाही. एखादं पान पडलं तरी कळावं.

मॅनेजरने कोठीतून काळी पेटी आणवली. झाकण उघडलं आणि जुन्या कपाटाचा वास आला. मधाच्या रंगाची आहे ती. गळा रुंद, सुप्रियाच्या गिटारीपेक्षा बोटभर जास्त. तीन तारा पांढऱ्या, तीन चंदेरी वेढ्याच्या. मी पायरीवर बसले, कान पिळून सूर लावले आणि हळूच सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला.

काय सांगू! गोल आवाज. कडाच नाहीत त्याला. सुप्रियाच्या गिटारीचा सूर टोचतो, हा येऊन मांडीवर बसला. मला एकदम रडायलाच आलं आणि मॅनेजरसमोर लाज वाटली.

ह्यांनी एक डोळा मिटून गळ्याची सरळ रेघ बघितली, बेंजोची बघतात तशी. पाठीवर बोटांनी वाजवून बघितलं, आत तोंड घालून फुंकर मारली. "लाकूड येक नंबर हाय." मग मला म्हणाले, "वाजव बगू." मी वाजवलं. हे कान पुढे करून उभे. "अजून." अजून वाजवलं. तर मॅनेजरकडे वळून म्हणतात, "पन हिला आवाजच नाय वो!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या शांततेत पलीकडच्या व्हरांड्यातले पाहुणे माना वळवून बघत होते आणि ह्यांना आवाज नाही! पण मॅनेजर पडेल चेहऱ्याने म्हणाला, बरं काका, तुम्ही सांगा काय द्यायचं ते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाव पाडायची युक्ती! काय बेरकी माणूस आहे! उतरताना म्हटलं, "छान नाटक केलंत हो." तर नुसते हसले.

हातरिक्षा करू म्हटलं तर ऐकेनात. पेटी खांद्यावर घेऊन दस्तुरीपर्यंत चालत आले. घोडेवाले विचारत होते, "काका, कार्यक्रम कुठं?" तर माझ्याकडे बोट दाखवून, "हिचा हाय. माझा नाय."

मला हे फार आवडलं. फार म्हणजे फारच.

२० जानेवारी, सोमवार

कामावर जायच्या आधी ह्यांनी गिटारला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नवं वाद्य घरात आलं की हे करतातच. खोबऱ्याचा तुकडा आधी गिटारपुढे, मग मला.

२२ जानेवारी, बुधवार

आज अंगठा आपोआप चालला!!

२६ जानेवारी, रविवार

जिची तयारी करायची ती चाल पक्की केली. खरं नाव परदेशी आहे, जिभेवर बसत नाही. मी तिला दुपारची चाल म्हणते, कारण ती ऐकताना वाटतं की जेवणं झाली आहेत, भांडी घासून झाली आहेत आणि चार वाजेपर्यंत कुणी हाक मारणार नाही. सा, ग, प आणि वरचा नी एकदम छेडायचे. मी जाते त्या भजनी मंडळात आम्ही असं कधी केलं नाही. असं वाटतं, कुणी हसत हसत काही सांगायला आलं आणि मध्येच थांबलं.

एकच अडचण, नखं! व्हिडिओतल्या बाई म्हणतात उजव्या हाताची नखं वाढवा. मी वाढवली. मॅडमनी काल बघितली आणि म्हणाल्या, "छाया, दवाखान्यात नखं? काप." मी म्हटलं, मॅडम, ही ब्राझीलची नखं आहेत, तुमच्यामुळेच वाढवली. "ब्राझीलला सुटी दे," म्हणाल्या. कापली. आता बोटांच्या मांसाने वाजवते. आवाज आणखी मऊ झाला, पण मला तोच जास्त आवडायला लागलाय.

२ फेब्रुवारी, रविवार

सुप्रियाला फोनवर अर्धी चाल वाजवून दाखवली. "आई!! तू?! पप्पांनी ऐकलं का?" नाही, म्हटलं, त्यांना २ मार्चला. ती येणार आहे त्या दिवशी, रजा काढून. पप्पांना तोवर सांगू नको म्हटलं.

सीझन सुरू झालाय. हे रोज कुठल्या ना कुठल्या मांडवात. ह्यांच्या पार्टीत नवीन नावाचा ढोलकीवाला पोरगा आहे, तो आज सामान न्यायला आला होता. हळूच म्हणतो, "काकी, काकांना तुमीच सांगा. स्पीकर लय वाढवतात हल्ली. आमी सांगितलं तर हसतात नुसते. काल खोपोलीला नवरीच्या बापाशी वाजलं त्यावरनं." मी म्हटलं, अरे बाबा, ते माझं ऐकत असते तर काय हवं होतं! पन्नाशी आली तरी मिरवायची हौस जात नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चिडले. जाम चिडले.

राहवलं नाही म्हणून दुपारी हे जेवून सुपारी कातरत बसले होते तेव्हा म्हटलं, थोडंसं ऐकवते, नमुना म्हणून. मान वळवून "हां" म्हणाले आणि परत पाठमोरे होऊन कातरायला लागले. मी मोठ्या प्रेमाने पहिला भाग वाजवला. एक चूक नाही! शेवटचा सूर संपेपर्यंत मी थांबले आणि वर बघितलं. तर हे मान वळवून म्हणतात, "अगं, कर की चालू!"

म्हणजे? माझं झालं होतं! मी तिथेच गिटार पेटीत टाकली. "काय झालं गं?" विचारतात वर. काही नाही झालं. तुमचं होऊ द्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

बोलत नाहीये मी. ह्यांना अजून ते कळलेलंही नाही बहुतेक.

१२ फेब्रुवारी, बुधवार

राग गेला. दुसरा भाग जमायला लागला आणि राग धरून ठेवायला वेळच उरला नाही. आज दवाखान्यात रिकाम्या वेळात टेबलावर बोटं चालवत होते. एका आजोबांना वाटलं मी त्यांना घाई करतेय, बिचारे घाईघाईने कवळी काढून बसले!

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही.

काल मी नेरळला बारशाला गेले होते. संध्याकाळी परत आले तर हे ओट्यावर गिटार मांडीवर घेऊन बसलेले. चेहरा असा की परीक्षेत पहिले आलेत. "ये, ये. बग कशी बोलते आता!" आणि टणत्कार केला.

बेंजोच्या तारा. पोलादी. सहाच्या सहा बदललेल्या. आणि नुसत्या लावल्या नव्हत्या, बेंजोसारख्या ताणून चढवल्या होत्या. माझ्या पांढऱ्या तारा शेजारी गुंडाळून ठेवलेल्या, नीट, रबर लावून.

"अहो, तिला नाही हो सोसत हा ताण! तिचं लाकूड त्यासाठी नसतं!" मी धावले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. खुंट्या सैल करायला हात लावला, एक तार सैल झाली आणि तेवढ्यात कडाड्‌ झालं. तारा बांधतात ती खालची लाकडी पट्टी उखडून वर आली. खालच्या लाकडाचा पापुद्रा घेऊनच आली.

मग मी तोंडाला येईल ते बोलले. शेजारची बाहेर आली, मला पर्वा नव्हती. म्हटलं, हळू असं काही चालतच नाही तुमच्या कानांना. पंचवीस वर्षांत तुम्हाला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू आला. जगात एक गोष्ट माझी होती, तिलाही तुमच्या तारा लावल्यात!

हे माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. मग टेंपोत जाऊन बसले, गाडी चालू न करता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सुप्रियाचा फोन. "आई, पप्पांना काय माहीत असणार? त्यांना वाटलं असेल हॉटेलवाल्यांनी प्लास्टिकच्या तारा लावून फसवलं." असेल. पण विचारायचं ना! एकदा विचारायचं. २ मार्च रद्द, म्हटलं. ती रडायला लागली, मग मीही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गिटार जागेवर नाही! पेटीसकट!

नवीनला फोन केला. म्हणे, काका सकाळीच टेंपो घेऊन खोपोलीला गेले, जितेशकडे. जितेश म्हणजे ह्यांचे बेंजो दुरुस्त करणारा. आज संध्याकाळी चौक गावची हळद होती, ती ह्यांनी दुसऱ्या पार्टीला देऊन टाकली. ह्यांनी! भर सीझनमध्ये!

अंधार पडायच्या आत आले. माझ्यासमोर उभं राहून एकेक शब्द सुटा करून सांगितलं, पाठ करून आल्यासारखं — "जितेशनं पट्टी चिकटवलीय. चार दिस शिकंज्यात आवळून ऱ्हानार. त्यानं दुसऱ्या मिस्तरीला फोन करून सगळं विचारून घेतलंय. लोखंडाची तार परत लावायची नाय. कंदीच."

रात्री ह्यांच्या पोळीला तूप जास्त लावलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आली!! महाशिवरात्रीचा उपास आणि मी आनंदाने साबुदाण्याची खिचडी करपवली!

पट्टी मूळच्या जागी, बाजूला केसाएवढी रेघ दिसते, तीही मी शोधली म्हणून. सुप्रियाने कुरियरने नव्या नायलॉनच्या तारा पाठवल्या होत्या. व्हिडिओ बघून बघून एकेक गाठ मारली. नव्या तारा फार उतरतात, पाच मिनिटं झाली की सूर खाली. दिवसभर कान पिळतेय तिचे. पण आवाज तोच! गोल. कुठेही गेलेला नाही.

२ मार्च पुन्हा पक्का! सुप्रियाला कळवलं तर तिने फोनवर किंकाळीच फोडली.

१ मार्च, शनिवार

उद्या. आज सात वेळा चुकीशिवाय. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा एवढी धास्ती नव्हती. सुप्रिया आली, आल्या आल्या म्हणाली, "आई, तू बारीक झालीस." मुळीच नाही. बोटं तेवढी झाली असतील.

२ मार्च, रविवार

वाजवली!!! पूर्ण!!!

दुपारी, जेवणं झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर — मुद्दाम तीच वेळ. सुप्रियाने पुरणपोळ्या विकत आणल्या होत्या आणि आपण केल्याचं सांगत होती. ह्यांनी पांढरा सदरा घातला, खुर्ची अगदी माझ्याजवळ ओढून घेतली. टीव्ही बंद. पंखा बंद. मी साडी बदलून बसले, नवीन मोरपंखी. सुप्रिया मोबाईल धरून उभी.

पहिले दोन-तीन सूर थरथरले. मग अंगठ्याने चालायला सुरुवात केली आणि मी त्याच्या मागे मागे गेले. मध्ये एका ठिकाणी अडले, आठवेचना, पण सावरलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. मान डोलत होती. कीर्तनात बसतात तसे बसले होते. माझं ऐकत होते! माझा नवरा, बेंजोवाला, माझी दुपारची चाल डोळे मिटून ऐकत होता.

संपलं तेव्हा सुप्रिया टाळ्या वाजवत रडत होती. ह्यांनी तिच्याकडे बघितलं, मग टाळ्या वाजवल्या. जोरात. "येक नंबर!" म्हणाले. "येक नंबर, छाया!"

झालं. मला हवं होतं ते मिळालं. आता कुणी काही म्हणो. इतकं छान मला कधीच वाटलं नव्हतं, अगदी पंचवीस वर्षांपूर्वीसुद्धा नाही.

३ मार्च, सोमवार

काल एक लिहिलं नाही. मध्ये अडले तेव्हा मी पूर्ण थांबले होते. हात तारांवर ठेवून, पुढचं आठवत. घरात काही आवाज नव्हता. आणि मिटल्या डोळ्यांनी ह्यांची मान डोलतच होती.

आज सुप्रियाला स्टेशनवर सोडून आल्यावर समोर बसून विचारलं, ऐकू येत नाही का तुम्हाला?

ह्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "दोन वर्सं झाली. बोललेलं समजतं, तोंडाकडं बगून. बेंजो बोटांना पाठ हाय. पन तुझी ती गिटार... काईच येत नाय गं. त्या तारा म्हनून तर बदलल्या. वाटलं, लोखंडाचा तरी येईल."

मला रडू आवरेना. ह्यांनी कप खाली ठेवला, गिटार आणून माझ्या मांडीवर दिली आणि समोर पाट घेऊन बसले.

"वाजव. मी बगतो."